रांगेत उभे सात चोर

ताईसमोर बसताना सॉफ्टवेअर कंपनीचा मालक अजूनही खुर्चीच्या कडेवरच टेकला. चाळिशी उलटली, केस विरळ झाले. पण तीस वर्षांपूर्वी ताईच्या गणिताच्या तासालाही तो असाच बसायचा.

"बाई, एक चोर पकडून द्यायचाय."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून लोक ताईकडे हरवलेलं, चोरलेलं आणि लपवलेलं घेऊन येत. तिचा धाकटा भाऊ नाना, बस डेपोतला जुना कारकून, वही घेऊन शेजारी बसे. त्याला कोडी सुटत नसत, पण अक्षर चांगलं होतं.

मालकाची कंपनी एकच गोष्ट बनवायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांनी तो आधी नोंदवून ठेवायचा. नंतर कळा दाबून लिहिलं, की कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलायचा.

"एका गिऱ्हाइकाचं लायसन्स दोन महिन्यांत सात कॉम्प्युटरांवर चाललं," मालक म्हणाला. "एक विकत घेतलं आणि सहा वाटले. सातव्याला आपोआप कुलूप पडलं. मी कोर्टात जाणार आहे."

"कॉम्प्युटर मोजतोस कसे?"

"कॉम्प्युटरच्या ज्या भागातून नेट येतं, त्याला कारखान्यातूनच एक नंबर असतो. बोटाच्या ठशासारखा. सॉफ्टवेअर सुरू होताना दर वेळी तो आम्हाला कळवतं. नेट नसेल तर बोलतच नाही."

नानाने वहीत 'ठसा' लिहून खाली रेघ मारली.

"कुलूप पडल्यावर काय होतं?"

"पडदाभर लाल पाटी येते. लिहिलेलं आत साठत राहतं, पण दिसत नाही आणि बोललंही जात नाही. तिसाव्या दिवशी आवाजासकट सगळं पुसलं जातं. आज सत्ताविसावा दिवस." मालकाने ताईचा चेहरा पाहिला. "दया करू नका बाई. माझा पहिला प्रोग्राम लोकांनी गल्लोगल्ली फुकट वाटला. पाच माणसांना मी स्वतःच्या तोंडाने घरी बसायला सांगितलंय." मग तो जरा हसला. "एकदा कंपासपेटी हरवली म्हणून तुम्ही अख्खा वर्ग मधल्या सुट्टीपर्यंत उभा केला होता. आठवतं? असं कडक असायला हवं."

"आठवतं," ताई म्हणाली आणि त्याने आणलेल्या कागदाकडे पाहू लागली.

कागदावर तारखा, वेळा आणि कॉम्प्युटरांचे क्रमांक होते. मालक गेल्यावर नानाने बोट फिरवत वाचलं. "एक, एक, दोन, तीन, दोन, चार… हा दुसरा पुन्हा आला बघ. चोर परत परत येतोय."

"वेळा वाच."

"पहिला दिवसभरात केव्हाही. बाकीचे सगळे संध्याकाळी चार ते सहा. त्यांना कामधंदा असेल."

"आणि दोन कॉम्प्युटर एकाच वेळी कधी चालले?"

नानाने दोनदा तपासलं. "एकदाही नाही."

"सात चोर, आणि सातही शहाण्यासारखे रांगेत उभे. पहिला उठल्याशिवाय दुसरा बसत नाही. माझ्या वर्गात एवढी शिस्त कधी नव्हती."

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक काका निघाले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर टांगलेले पाने मापाप्रमाणे लावलेले. काकांनी काही न विचारता कपाटातून सॉफ्टवेअरचा खोका काढला. पावती आत प्लास्टिकच्या पिशवीत होती.

"तीन पत्रं लिहिली मी कंपनीला," ते म्हणाले. "तिन्हींना एकच उत्तर. 'कृपया विकत घेतलेली प्रत वापरा.' मी पावतीचा फोटो पाठवला. पुन्हा तेच."

"सॉफ्टवेअर कुणाला दिलंत का?"

"कुणाला देणार? तिचा आवाज दुसऱ्याच्या काय कामाचा?"

नानाची पेन्सिल थांबली.

"वहिनी कुठे आहेत?" ताईने हळू विचारलं.

"कुलूप पडल्यावर नवव्या दिवशी गेली. हॉस्पिटलमध्येच." काका खोका बंद करत होते; झाकण नीट बसेना. "पेन हातात ठरत नव्हतं. एका बोटाने कळा दाबायची. शेवटचे नऊ दिवससुद्धा दाबत होती. त्या लाल पाटीखाली काय लिहितेय, मला कळायचं नाही. मी आपला मान हलवायचो." ते थांबले. "मला कुठे अडकवायचं ते अडकवा. तिचा आवाज तेवढा पुसू नका म्हणावं."

रस्त्यावर आल्यावर नाना म्हणाला, "माणूस खोटं बोलत नाही, ताई. चोर म्हणजे त्यांना लॅपटॉप विकणारा असेल. त्यानेच कॉपी मारली असणार."

लॅपटॉपवाल्याच्या दुकानात उघडी पडलेली यंत्रं ढिगाने होती. त्याने मान वर केली नाही.

"काकांचा ना? जुनाच दिला, पण हलका. पोटावर ठेवला तरी जड वाटू नये असा मागितला होता. एवढा बारीक, की नेटची वायर खुपसायला भोकसुद्धा नाही. घरी वायफायवर चालायचा."

"तू कॉपी करून ठेवलीस?" नानाने आवाज चढवला.

"कशाला? लोकांना गप्प बसवायचं सॉफ्टवेअर असतं तर केली असती. घरोघरी खपलं असतं."

तिसरी भेट हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सिस्टरची. ती औषधांच्या वाट्या मांडता मांडता बोलत होती.

"भेटायची वेळ चार ते सहा. तेव्हाच काका लॅपटॉप घेऊन यायचे. इथे वायफाय चालत नाही, मशिनी बिघडतात म्हणतात. प्रत्येक खाटेपाशी वायर आहे."

"त्यांच्या लॅपटॉपला तर भोक नव्हतं."

"म्हणून हे." तिने खण ओढला. आत बोटाएवढे काळे अडॅप्टर होते, सगळे सारखे. "एका टोकाला वायर, दुसरं लॅपटॉपला. हाताला लागेल तो उचलायचा, जाताना परत टाकायचा."

"किती आहेत?"

"सहा. सातवा कुणीतरी लांबवला."

"उद्यापर्यंत उसने देता? जबाबदारी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या केबिनमध्ये चौघे बसले. काका लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात. मालक त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

"तुझ्याकडे तुझी स्वतःची प्रत आहे ना?" ताईने विचारलं. "सुरू कर."

त्याने केली.

"आता हा लाव, नेटची वायर यातून घे, आणि पुन्हा सुरू कर."

पहिला अडॅप्टर. दुसरा. तिसरा. लहान मुलाकडून पाढा म्हणवून घ्यावा तशी ती शांतपणे एकेक पुढे करत होती. चौथ्याला मालकाचा हात मंदावला. सहावा लावला, तशी त्याच्या पडद्यावर लाल पाटी पसरली: ही प्रत चोरीची आहे.



"ठसा कॉम्प्युटरचा नव्हताच," ताई म्हणाली. "या अडॅप्टरचा होता. घरचा वायफाय एक, हॉस्पिटलच्या खणातले सहा. झाले सात. चोरलेल्या प्रती असत्या तर कधीतरी दोन एकदम चालल्या असत्या. या कधीच चालल्या नाहीत, कारण लॅपटॉप एकच होता. दुसरा नंबर परत यायचा, कारण तो अडॅप्टर पुन्हा हाताला लागायचा. आणि चार ते सहा ही भेटायची वेळ. ज्यांनी चोरून घेतलं त्यांनी तुझा पहारा आधीच काढून टाकला असेल. तो भोगला पैसे मोजून घेणाऱ्यानेच."

"पत्र लिहायचं होतं त्यांनी…"

"तीन लिहिली. तुझ्या मशीनने उत्तरं दिली."

मालकाने पहिल्यांदाच कोपऱ्याकडे पाहिलं. "काकू कशा आहेत?"

काकांनी मान हलवली. तेवढ्याने त्याला कळलं.

"ती कंपासपेटी," ताई खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याच टेबलाच्या खणात होती. हजेरीपुस्तकाखाली. तिसऱ्या दिवशी सापडली. चाळीस मुलं उभी केली होती मी, त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. तू त्यातलं कडकपण तेवढं शिकलास. चूक माझी आहे."

मालकाने काकांचा लॅपटॉप ओढून घेतला आणि बराच वेळ कळा दाबत राहिला. लाल पाटी गेली.

मग खाली नऊ दिवस साठलेलं एकामागून एक बोलू लागलं. बाईचा आवाज, किंचित घोगरा, निवांत.

"उद्या दाढी करून या. सिस्टर हसतात."

"माझा चष्मा कुठे ठेवलात?"

"हे बोलत नाहीये वाटतं. असू द्या. मान कशाला हलवताय? बसा नुसते."

नानाने वही मिटली.

"अहो, पंखा जरा कमी करा. गार वाटतंय."

काका उठले. भिंतीपाशी गेले, अनोळखी बटणांमधून पंख्याचं बटण शोधलं, आणि पंखा अगदी हळू केला.