नायलॉन की तार

"दात आहेत हो त्याला!"

ओळख ना पाळख, दुकानात पाऊल टाकतानाच तो असं म्हणाला. अंगावर लाटांचे तुषार, हातात गळाची काठी आणि काठीला लोंबणारी दोरी... टोकाला कात्रीने कापावी तशी सफाईने तुटलेली.

गळाच्या सामानाच्या त्या चिंचोळ्या दुकानात ती एकटीच होती. एकटीच असायची. वडील होते तोवर गल्ल्यामागच्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या असत. ते गेल्यापासून एकीवर ती आणि दुसरीवर दोरीची रिळं. बंदरावरची माणसं येत, गळ निवडून घेत, वाऱ्याबद्दल चार शब्द बोलून जात. वरच्या खोलीत एक ताट, एक पेला. कुणी विचारलंच तर "मस्त चाललंय" म्हणायची. कसलं मस्त नि कसलं काय! सकाळी कुलूप उघडताना ती स्वतःशी बोलायची आणि संध्याकाळी लावताना स्वतःच त्याचं उत्तर द्यायची.

"माशाला दात नसतील तर काय कवळी असेल?" ती म्हणाली.

तो खळखळून हसला. त्या दुकानात कुणी असं हसून किती दिवस झाले होते, देव जाणे.

"आमच्या नदीतल्यांना असे नसतात हो. मामाने मला शिकवलं, गळ थेट दोरीला बांधायचा—"

"इथे थेट बांधलात तर सुरमई गळासकट पसार होईल. मध्ये लीडर लागतो. हा असा हातभर, जाड तुकडा. दात लागले तर याला लागावेत, दोरीला नाही."

तो होता क्रेनचा मेकॅनिक. बंदरावरची क्रेन दुरुस्त करायला आला होता. काम संपलं होतं, रजा शिल्लक होती. लहानपणी पोरक्या झालेल्या भाच्याला मामाने वाढवलं, नदीकाठी बसवून मासेमारी शिकवली. त्या मामाने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

"एक मोठी सुरमई धरायची, मामाला फोटो पाठवायचा," तो म्हणाला, "की मी निघालो."

की मी निघालो... त्याच्या तोंडून ते किती सहज निघालं! तिला मात्र उगीचच कुठेतरी टोचलं.

डाव्या खणात नायलॉनचे लीडर होते, उजव्यात तारेचे. तिचा हात सवयीने उजवीकडे गेला आणि अडखळला.

"पाणी नितळ असलं की तार दिसते माशाला," ती म्हणाली. "बिचकतो तो. तुम्ही... नायलॉनच न्या."

आता हे काही धडधडीत खोटं नव्हतं. नितळ पाण्यात तार दिसतेच. पण तो बसणार होता धक्क्याच्या टोकाला, जिथलं पाणी चहासारखं गढूळ, आणि तिथे सुरमईच्या दातांपुढे नायलॉनचा काय टिकाव लागणार? तिला हे पक्कं ठाऊक होतं. मासा सुटेल, माणूस परत येईल. एवढंच हवं होतं तिला.

आणि तो आला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला.

"पुन्हा कातरलं! नशीबच फुटकं माझं."

"हाताला झटका देत असाल."

"बरं बाई, हातच वाईट माझा."

रिळं उचलून खाली ठेवत तो बिनदिक्कत दुसऱ्या खुर्चीत बसला. मग रोजच बसू लागला. मच्छीमारांच्या मागणीचे तारेचे लीडर ती बांधायची, तो बघायचा, बघता बघता हातही लावायचा.

"असं नाही हो! एक तार ताठ आणि दुसरी तिच्याभोवती गुंडाळलेली, असं झालं की ओढ लागल्यावर सुटतं. दोन्हींनी एकमेकींवर सारखंच वळायला हवं."

"हे तारेबद्दल चाललंय की लग्नाबद्दल?"

"तारेबद्दल. इकडे लक्ष द्या."

तिचे कान लाल झाले होते. त्याने पाहिलं, पण चहाटळपणा आवरला. उरलेलं टोक कापायला त्याने पक्कड उचलली, तर तिने मनगटच धरलं.

"कापायचं नाही! कापलेलं टोक काट्यासारखं राहतं, बोट फाडतं. पुढे-मागे वाकवायचं, आपसूक तुटतं. वडिलांची शिकवण आहे."

मनगट सोडायचं राहून गेलं. दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघंही खिडकीकडे बघू लागले. खारट वाऱ्याने काच धुरकटली होती. बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

आणि निघताना, इतरांसाठी स्वतः तारा वळून झाल्यावर, तो म्हणायचा, "द्या माझं नायलॉन. तुम्ही सांगता म्हणजे तेच खरं." असा हा भाबडा भरवसा! त्या वेळी तिला त्याच्याकडे बघवायचं नाही.

एका दुपारी तो आला तो गप्पच.

"काय झालं?"

"मामाचा फोन होता. त्याची नजर झपाट्याने जातेय... डॉक्टरांनीही हात टेकले. म्हणाला, फोटो लवकर पाठव रे. नंतर पाठवलास तर मला दिसायचा नाही." तो कसनुसा हसला. "आणि मला साधा मासा धरता येईना."

तिच्या हातातली तार खाली पडली. आपण आपल्या रिकाम्या खुर्चीपायी कुणा म्हाताऱ्याची नजर खर्च करत होतो! ती उठली, उजवा खण ओढला आणि सर्वांत चांगला लीडर त्याच्यासमोर ठेवला.

"तुमचा हात वाईट नाही. मीच वाईट आहे. तिथे तारच लागते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मासा मिळाला की तुम्ही जाणार होतात... म्हणून."

त्याने डाव्या खणाकडे पाहिलं, मग उजव्या.

"सगळ्या बंदराला तार," तो हळूच म्हणाला, "आणि मला एकट्याला नायलॉन?"

"तुम्ही एकटेच तर होतात... ज्याने जाऊ नये असं मला वाटत होतं."

त्याने लीडर उचलला आणि तडक निघून गेला. तिने रिळं उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवली. त्या रात्री ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

दुसरा दिवस संपता संपेना. दाराशी सावली पडली की तिची मान वर व्हायची आणि खाली जायची. ऊन कलल्यावर आली ती सावली मात्र दारातच थांबली.

त्याच्या हातात कालची तार होती... पार वेडीवाकडी झालेली.

"केवढी होती?" तिला राहवलं नाही.

त्याने दोन्ही हात फाकवले, मग आणखी फाकवले. आणि मामाने फोनवर पाठवलेला बोलका निरोप लावला.

"अरे गाढवा, मासा झकास! डोळ्याला भिंग लावून बघितला. पण ती तार कुणी वळली रे? असा पीळ मी जन्मात पाहिला नाही. आणि त्या पोरीवर रागावून आलास म्हणतोस? कुणीतरी तुला थांबवून घ्यायला एवढी खटपट करतंय, आणि तू फुगून बसलास? माझी नजर जातेय, तुझी काय आधीच गेली?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"उद्या सकाळी निघतोय मी," तो म्हणाला.

"हं." तिने मान खाली घातली.

"मामाला तुझे हात बघायचेत. दिसतंय तोवर."

तो पहिल्यांदाच 'तुझे' म्हणाला होता.

"नुसते हात?"

"बाकीचं... मला बघायचंय. आयुष्यभर. येशील?"

तिने खणांकडे पाहिलं, वडिलांच्या खुर्चीकडे पाहिलं. "येईन. पण परत यावं लागेल मला. दुकान आहे."

त्याने खुर्चीवरची रिळं उचलून खाली ठेवली आणि ऐसपैस बसला.

"मलाही परत यावंच लागेल," तो म्हणाला. "माझी खुर्ची आहे इथे."

तिने डोळे पुसले आणि तारेचं एक रीळ पिशवीत टाकलं. मामांसमोर बसून वळून दाखवायचं, तर तार आपल्या दुकानातलीच बरी.