खुर्चीची उजवी फूटरेस्ट

तांदळाच्या डब्यात काहीतरी लोखंडी.

वॉकरवर वाळत घातलेला ओला टॉवेल.

घोटीतलं एक अंगण... अंगणात कुणीच नाही.

रविवारी, काही कारण नसताना, कानात झुमके.

“आधी ब्रेक, मग बसायचं.”

पहिला रविवार : कमोडची खुर्ची

संजनाच्या वडिलांचं, सावळीरामांचं, खुब्याचं हाड जुळलं. ते आपल्या पायांनी चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले आणि घरातलं आजारपणाचं साहित्य अडगळ झालं. संजनाने बुद्धविहारातल्या रुग्णसाहित्य केंद्राला फोन केला. गरज संपलेले तिथे वस्तू देतात, गरज पडलेले घेऊन जातात. नियम एकच – चाकाची खुर्ची दिली, तर देणाऱ्या घरातल्या कुणीतरी नव्या घरी जाऊन ती वापरायला शिकवायची.

दारात एक उंच मुलगा. केसांवर भुरभुर पाऊस, हातात पाना.

“जय भीम. मी नवनाथ. सामान न्यायला आलोय.”

“जय भीम. या ना दादा.”

“दादा नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“ते... विचार करून सांगतो.” त्याने एकदा संजनाकडे बघितलं, एकदा गल्लीच्या टोकाला उभ्या टेम्पोकडे. “आज ही कमोडचीच नेतो. टेम्पोत जागा नाहीये.”

दुसरा रविवार : वॉकर

टॉवेल बाजूला ठेवून त्याने वॉकरची घडी घातली. उघडला. पुन्हा घडी घातली.

“पाठ झाला का?”

“सातपूरला फिटर आहे मी. तपासायची सवय.” तो थांबला. “झुमके छान आहेत. म्हणजे... वॉकर. वॉकर छान आहे.”

संजना खुदकन हसली. “खुर्ची मग पुढच्या रविवारी?”

“हो हो. एका वेळी एकच बरं.”

मधला कुठलातरी वार

खुर्चीचा खटका दाबला की फूटरेस्ट, म्हणजे पाय टेकवायची पट्टी, निघते. संजनाने दाबला.

तिसरा रविवार : खुर्ची

“उजवी फूटरेस्ट कुठंय?”

“अय्या... असेल इथेच. शोधून ठेवते. पुढच्या रविवारी आलात तर –”

नवनाथ हसला नाही.

“आज घोटीला पोचवायची होती. ठमाबाई म्हणून आहेत, पायांत जोर नाही. पावसाळा लागल्यापासून घराबाहेर नाहीत. दाराबाहेर शेत, आणि भात कसं आलंय ते सुनेला विचारतात. आज सकाळपासून नवं लुगडं नेसून बसल्यात. पण फूटरेस्ट नसली तर पाय जमिनीवर घासणार.” त्याने मोबाइल काढला. “सांगतो त्यांना, पुढच्या रविवारी म्हणून.”

“थांबा.”

संजना आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. फूटरेस्ट दिली, की हा मुलगा जाणार. आणि जाताना तिची चोरीही त्याला कळलेली असणार. तिने कोपरापर्यंत हात तांदळात घातला.

बाहेर आली तेव्हा लोखंडाच्या खाचेतून तांदूळ गळत होते.

“तांदळात?”

“गंजू नये म्हणून...” तिने मान खाली घातली. “नाही. रविवार संपू नयेत म्हणून.”

नवनाथने खाचेतले उरलेले तांदूळ तळहातावर झटकले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“भाताला ऑइलचा वास कुठून येतोय, ते आज कळलं!” आतून सावळीराम ओरडले. “नवनाथ, शिकवायला तिलाच ने रे. मी नुसता बसायचो, ढकलायची ती.”

घोटी

“आधी ब्रेक, मग बसायचं,” संजनाने सुनेला दाखवलं. दोघींनी मिळून ठमाबाईंना खुर्चीत बसवलं. दोन्ही पाय पट्ट्यांवर नीट टेकले. खुर्ची उंबऱ्याबाहेर, अंगणात आली. समोर भात हिरवंगार, वाऱ्यावर डुलणारं. ठमाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या,

“सुनबाई, बांधाकडचं पिवळं पडलंय की! सांगितलं नाय मला!”

सून हसत आत पळाली. ठमाबाई संजनाकडे वळल्या.

“ह्यो पोरगा तुझा कोन गं?”

“काय म्हणायचं ते हेच विचार करून सांगणार होते...”

नवनाथच्या हातातला पाना चिखलात पडला.

“नुसतं नवनाथ म्हण,” तो म्हणाला.

“लय येळ लागला रं तुला इचार करायला,” ठमाबाई म्हणाल्या.

“संजना... आता तुमच्या घरात न्यायला काहीच उरलं नाही. तरी रविवारी आलो तर?”

“ये, नवनाथ.”

त्या पहिल्या रविवारी टेम्पो रिकामाच होता.