समुद्रफुलाचा खुराक

समुद्रफुलाचा फोटो मी शोभेच्या माशांच्या दुकानदाराला दाखवत होते, मागे उभ्या असलेल्या माणसाला नव्हे. तरी मागूनच आवाज आला, "म्याडम, ही मरायला लागलीया."

कोल्हापुरात वाईट बातमीला प्रस्तावना नसते. मी वळले. त्याच्या हातात गप्पी माशांची पिशवी, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि आगाऊपणाबद्दल चेहऱ्यावर काडीची लाज नाही.

मी त्याला सांगितलं की असं पांढरंशुभ्र समुद्रफूल दुर्मीळ असतं, घरी येणारे सगळे कौतुक करतात. सगळे म्हणजे गॅसवाला आणि मीटर बघणारा. हे मात्र सांगितलं नाही.

"पांढरं नसतंय ते," तो म्हणाला. "पांढरं पडलंय. लक्षात कसं आलं न्हाय तुमच्या?"

रोज बघणाऱ्याला रंग उडालेला दिसत नाही. आरशासमोरही तसंच होतं. पण हे अनोळखी माणसाला ऐकवायचं तर… मी नुसतं मीठ घेतलं. टाकीचं, समुद्राचं.

त्याचं नाव बुद्धभूषण. शिरोळचा, इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. टाकी बघून सांगतो म्हणाला. त्याच रविवारी तो कसबा बावड्याच्या माझ्या फ्लॅटवर आला आणि टाकीसमोर उकिडवा बसला. टाकी माझ्या भावाची, अमरेशची. कॅनडाला जाताना त्यानं बायको नेली, गिटार नेली. टाकी आणि मी राहिलो.

"आमच्यात पुराचं पाणी न विचारता घरात येतंय," तो म्हणाला. "तुम्ही इकत आणून ठेवलंय."

मग त्यानं दाखवलं. तोंड सैल उघडं, बोटांसारखे हात आखडलेले, काचेसारखे आरपार. नावालाच फूल, आहे समुद्रातला प्राणी. हिच्या अंगात म्हणे डोळ्यांना न दिसणारं तपकिरी शेवाळ राहतं. ते उजेडावर स्वयंपाक करतं आणि हिला वाढतं. मे महिन्यात मी पंधरा दिवस अव्वाकडे, म्हणजे आईकडे, गडहिंग्लजला गेले होते. खिडक्या बंद, पाणी तापलं, आणि बिऱ्हाडकरू निघून गेले.

"घर हाय तसंच. आतलं माणूस गेलं," तो म्हणाला. टाकीकडेच बघत म्हणाला. मी उगाच पडदा सारखा केला.

"खायला काय घालता?"

"शेवाळाच्या गोळ्या. शाकाहारी."

"शाकाहारी कशापाय?"

"आमच्या घरात आहे ना ती."

आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतं. माशांच्या खाण्याची पाकिटंही मी उलटीसुलटी वाचून घेते. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्याडम, तुमची पावणी लिंगायत न्हाय."

पुढच्या रविवारी तो स्टीलचा एक डबा घेऊन आला. आत बारीक चिरलेली कोळंबी. दोन दिवसांआड ज्वारीच्या दाण्याएवढीच घालायची, जास्त झाली तर ओकेल. दिव्याचा उजेड आठवड्याला थोडाथोडा वाढवायचा. पाण्यातलं मीठ मोजत राहायचं. आणि उचलून दुसरीकडे ठेवायची नाही, तिला पटेल तिथं ती आपली आपण सरकत जाते. तालमीतल्या पैलवानाचा खुराक सांगावा इतक्या गंभीरपणे त्यानं हे सांगितलं. डबा फ्रीजरमध्ये गेला. मी दोनदा हात धुतले.

सुरुवातीला तुकडा तिच्या हातांवरून नुसता घसरायचा. त्या हातांचा चिकटपणाच गेला होता. एकदा त्यानं माझं मनगट धरलं.

"चिमटा हलतोय," तो म्हणाला.

चिमटा हलत नव्हता. त्यानं मनगट सोडलं — जरा उशिरा.

असे सात रविवार गेले. सोमवार ते शनिवार कसे गेले, ते विचारू नका. आठव्या रविवारी एका हातानं तुकडा धरला आणि सोडलाच नाही. काचेपाशी आम्ही दोघं श्वास धरून… तिच्या हातांच्या मुळाशी फिकट तपकिरी झाक होती.

"चहाचा रंग धरला हिनं," तो पुटपुटला. मी चहा केला. तो दोघांचाही गार झाला.

त्याच संध्याकाळी अव्वाचा फोन आला. श्रावणभर ती माझ्याकडे राहणार होती.

मी त्याला कळवलं, महिनाभर येऊ नका, डबा तेवढा घेऊन जा. तो आला. का, ते विचारलं नाही. डबा पिशवीत घातला आणि दारात थांबला.

"महिनाभर ती काय खाणार?"

"आधी जगलीच होती की गोळ्यांवर."

"जगत न्हवती. मरायला टाइम लागत हुता नुसता."

तो गेला. पिशवी चपलांच्या कपाटावर राहिली. विसरली की ठेवली, कोण जाणे. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग डबा उचलला आणि फ्रीजरमध्ये मटारामागे ठेवला.

तिसऱ्या दिवशी खवलेलं खोबरं शोधताना अव्वाला तो सापडला.

"काय गं हे?"

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या. तेवढ्यात टाकीकडे नजर गेली.

"कोळंबी. तिच्यासाठी."

अव्वानं डबा ओट्यावर ठेवला. "आणतंय कोण?"

"बुद्धभूषण. दर रविवारी यायचा."

"कुठला?"

"शिरोळचा. बौद्ध आहेत ते." आणि त्याच दमात, "मला तो यायला हवाय, अव्वा."

अव्वा आंघोळीला गेली, मग लिंगपूजेला बसली. तिची पूजा वीस मिनिटांची असते. त्या दिवशी तास झाला. मी टाकीजवळ बसून राहिले. ओट्यावरच्या डब्याला घाम फुटला होता, मलाही.

ती उठली. टाकीपुढे वाकून बराच वेळ बघत राहिली. मग वर्तमानपत्राच्या कागदात धरून डबा उचलला आणि फ्रीजर उघडला.

"हे वरच्याच कप्प्यात राहू दे," ती म्हणाली. "खाली माझं दही हाय."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"कशी हाय?"

"कोण?"

"…दोघी."

"रंग धरतोय. रविवारी या."

"डबा न्यायला?"

"भरायला," मी म्हटलं. "संपत आलाय."