पुढच्या सीटचा पट्टा

या, बसा. ती खिडकीजवळची खुर्ची सोडून कुठंही बसा. ती का नको ते सांगते, पण मला सगळं ओळीनं सांगू द्या. मधेच सांगायला गेले तर तुम्ही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं.

मागच्या शुक्रवारी मी मांस आणायला गेले होते. जुलैत आमचं अर्धं होदोनीन गाव सुट्टीला समुद्रावर निघतं, नि ज्यांची गाडी सुटायची असते त्यांची सकाळीच डुकराच्या मांसाला रांग लागते. वाटेत खायला तळलेले काप नकोत का! काप नसले तर आमची माणसं समुद्रावरच काय, स्वर्गातसुद्धा जायची नाहीत. दुकानातल्या बाईनं सुरी उचलून विचारलं, "किती जण?"

"चार," मी म्हटलं.

घरी येऊन पुडा उघडला तेव्हा डोक्यात उजेड पडला. जाणारी तीनच होती. लेक शार्का, जावई रादिम नि नात आपोलेना. मी जाणार नव्हते. कंबर धरलीय म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना. चौथा होता लोयझा. माझा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झालीत. पण उभा जन्म ज्याच्यासाठी काप तळले, तो जिभेवरून कसला जातोय!

मांस टाकून देणं आमच्या घरात पाप. चौथाही तळला. कढईत सोडताना मात्र आजीचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, "रांधताना तोंडं नीट मोज गं. ज्याच्या नावानं रांधशील, तो येतोच." मी स्वतःलाच दटावलं. पुरे कर, म्हटलं, तेल जळतंय.

लोयझा समुद्रावर जातानाच गेला. मी मागून बसनं जाणार होते, तो एकटाच गाडी घेऊन पुढे निघाला होता. स्लोव्हेनियात प्तुय गाव ओलांडलं की सीमेच्या अलीकडे एक थांबा आहे. तिथं गाडी अगदी व्यवस्थित लावलेली सापडली. पट्टा बांधलेला, मांडीवर कापांचा पुडा अर्धवट उघडलेला, नि माणूस थंडगार. हृदय बंद पडलं म्हणे. नि अर्ध्या वाटेत गेलेल्याबद्दलही आजीचं म्हणणं होतंच. त्याला एकट्याला पुढे जाववत नाही, तो सोबत शोधतो. म्हणून माझा एकच हट्ट होता. कुठूनही जा, पण माझी लेक नि तिची पोर त्या थांब्यावरून जायला नको.

दुपारी या टेबलावर लोयझाचा जुना नकाशा पसरला होता. रादिम फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"आई, हा नकाशा आता संग्रहालयात द्या," तो म्हणाला. "ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया. सरळ रस्ता आहे. डोळे मिटून जाईन."

"मिटूनच जाशील! हंगेरीतून जा. ब्रातिस्लाव्हा, मग हंगेरी, मग झाग्रेब."

"हंगेरीत काय आहे हो बघायला? नुसतं सपाट. मला झोप लागेल."

"जावईबापू, तुम्हाला सोफ्यावर बातम्या बघतानाही झोप लागते. त्यात हंगेरीचा काय दोष?"

शार्का हसली. मग हसू विरलं तिचं. "हंगेरीतूनच जाऊ, रादिम," ती हळू आवाजात म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नि त्यालाही उमगलं. माझ्यासमोर त्यानं हंगेरीच्या रस्त्याचा टोल भरून परवाना काढला, फोन माझ्या नाकासमोर धरला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मी काकड्यांची बरणी आणायला कोठीत गेले. परत आले तर नकाशा घडी करून ठेवलेला. वरच्या बाजूला सगळा निळा समुद्र.

तशी घडी एकच माणूस घालायचा. जाताना समुद्र वर, येताना घर वर. "नकाशा कसा, जिकडे जायचं तिकडे तोंड करून हवा," म्हणायचा. त्याची आणखी एक थट्टा होती. आपल्या देशाला टीचभर किनारा नाही, नि एकमेकांना हाक मारतो ती खलाशांची, आहोय! त्यातही आलेल्याला आहोय नि निघालेल्यालाही आहोय. मग कळायचं कसं, माणूस आला की चालला?

"घडी कुणी घातली?" मी विचारलं.

"कुणीच हात लावला नाही, आई," रादिम म्हणाला. वर मानही केली नाही त्यानं.

तळणाच्या वासातून तेव्हा दुसराच वास आला. लोयझाच्या दाढीच्या साबणाचा... शार्कानं मान वर केली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

संध्याकाळी गाडी निघाली. चांगलं ऊन होतं अजून, शेजारी झाडांना पाणी घालत होते. आपोलेनाला गाडी लागते, म्हणून शार्का तिच्याबरोबर मागे बसली. पुढे खाण्याची पिशवी. रादिमनं गाडी चालू केली, नि लगेच टिंग, टिंग, टिंग. पुढच्या सीटवर कुणी बसलंय नि पट्टा लावला नाही की ओरडते ना गाडी, तशी.

"पिशवी जड झाली," रादिम म्हणाला. "काय आई, अख्खं डुक्कर भरलंत की काय?"

मी दार उघडून पिशवी काढली. चौथ्या कापाचा पुडा तेवढा काढून घेतला नि पिशवी मागे शार्काच्या पायाशी ठेवली. सीट रिकामी झाली. टिंग, टिंग, टिंग.

"आज नका जाऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आई, खोलीची किल्ली द्यायला तिथं माणूस थांबलाय. कुठं तरी बिघडलंय हे, दुसरं काय." त्यानं वाकून पट्टा ओढला नि रिकाम्या सीटवरून नेऊन खटकन अडकवला. आवाज थांबला.

"हं! बसला एकदाचा," रादिम हसत म्हणाला.

गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी मी तिथंच उभी होते. हातातला पुडा गरम होता. नि तळून तर कितीतरी वेळ झाला होता. तो मी अंगणात पुरला. नकाशा कपाटात घालून कुलूप लावलं.

सकाळी शार्काचा फोन आला. पोचले होते! पोरगी पाण्यात शिरलीसुद्धा, म्हणाली. मी रडलेच. मग शार्का हळूच म्हणाली, "आई, आम्ही हंगेरीतून नाही आलो. ब्र्येत्स्लाव्हच्या फाट्यावर रादिम मिकुलोव्हकडे, ऑस्ट्रियाच्या रस्त्याला वळला. मी ओरडले तर म्हणतो, 'ते वळ म्हणाले ना मघाशी.' त्या थांब्यावर गाडी लावली जरा वेळ. पुढचं त्याला काहीच आठवत नाही. नि इथं येऊन बघते तर पुढची सीट पार मागे सरकवलेली. आई... बाबांचे पाय लांब होते ना?"

"पोचलात ना तुम्ही? झालं तर," मी म्हटलं. नि मनात म्हटलं, तोही पोचला. समुद्र दिसला त्याला. आता सुटेल बिचारा.

फोन ठेवताना सगळे आहोय म्हणाले. आधी आपोलेना, मग झोपेतला रादिम, मग शार्का. नि मग अगदी कानाशी, हळू... "आहोय, बोहुन्को."

मला बोहुन्को म्हणणारा एकच होता. तो निरोप होता, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत आले.

आज सकाळी उठले तर नकाशा या टेबलावर होता. कपाटाचं कुलूप तसंच. वर होतं होदोनीन. घर वर.

दुपारी शार्काचा फोन आला. प्तुय मागे टाकलंय, संध्याकाळच्या चहाला घरी, म्हणाली. तिच्या बोलण्यामागे तो आवाज चालू होता. टिंग, टिंग. मग रादिम कुणाला तरी म्हणाला, "घ्या, बांधतो मी." नि आवाज थांबला.

ताटं मांडायला घेतली, नि हात अडला. तीन त्यांची, एक माझं. पाचवं मांडावं तर मीच त्याला घरात घेतल्यासारखं. नाही मांडावं तर... आजी म्हणायची, ज्याला ताट नसतं तो दुसऱ्याच्या ताटावर बसतो, नि ज्याचं ताट त्याला कायमचं उठावं लागतं. माझी पोर का उठेल? रादिम का? ती एवढीशी आपोलेना का? मी चारच ताटं मांडली नि माझी खिडकीजवळची खुर्ची चांगली मागे ओढून ठेवली, लांब पाय मावतील एवढी. मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "लोयझा, इथं बस. सोबत हवी तर मी आहे. पोरांना हात लावायचा नाही."

मग दारात जाऊन वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात तुम्ही आलात.

ती खिडकीजवळची खुर्ची बघा. मी मागे ओढली होती ना? तुम्ही तर हात लावला नाहीत. आता बघा, टेबलाला कशी भिडलीय, बसणाऱ्यानं जेवायला पुढे ओढून घ्यावी तशी. म्हणजे तो आला. पोचला घरी.

चहाची वेळ केव्हाच टळून गेली. शार्काचा फोन वाजतो, उचलत नाही कुणी. आणि गाडी अजून आलेली नाही.