शंभर तोंडांचा एकच खोकला

शंभर अनोळखी माणसं बोलता बोलता एकाच जागी, एकसारखी खोकली, तर काय समजायचं?

मैथिलीच्या घरचा स्वयंपाकी यंत्रमानव बल्लव तसा गुणी, पण मेला भारी अतिशहाणा! त्या दुपारी तिच्या धाकट्या भावाने, पिंट्याने, परसातून टोपलीभर रानअळंबी आणली. बल्लवने लगेच माहितीच्या जाळ्यावर (इंटरनेटवर) चौकशी केली.

"शंभर तज्ज्ञ सांगतात, अळंबीबरोबर लसूण शिजवा. काळा पडला नाही तर बिनधास्त खा. मी शिजवून पाहिलं, लसूण पांढराच आहे. शंभरातले शंभर!" असं म्हणत त्याने पिंट्याला ताट वाढलंसुद्धा.

मैथिलीच्या मनात पाल चुकचुकली. "दाखव बघू तुझे तज्ज्ञ."

भिंतीवर चेहरे उमटले. फेटेवाले, चष्मेवाल्या बाई, पांढऱ्या कोटातले डॉक्टर. आवाज निरनिराळे, वाक्य एकच. आणि 'बिनधास्त खा' म्हटलं की प्रत्येक जण खोके. दोनदा कोरडं, मग एकदा लांब. बाईसुद्धा तशाच, पुरुषी खोकल्या! मैथिली ताडकन उठली, कारण हा खोकला ती रोज शेजारच्या खोलीतून ऐकत होती.

"पिंट्या, घास खाली ठेव! आजोबा, लवकर या!"

आजोबा आले, तसेच खोकत. जन्मभर जाळ्यावर माहिती हुडकणारी शोधयंत्रं बनवणारा हा शास्त्रज्ञ भिंतीवरचे चेहरे कान देऊन ऐकू लागला.

"बल्लव, मूळस्रोत (माहिती जिथून पहिल्यांदा निघाली ती जागा) शोध. कोणी कोणाचं उचललं, तसा मागे मागे जा."

एकेक चेहरा विझत गेला. शेवटी एकच उरला. नऊ वर्षांपूर्वीचे आजोबा! "लोक म्हणतात, अळंबीबरोबर लसूण शिजवा. काळा पडला नाही तर बिनधास्त खा." मग तोच खोकला. आणि त्यापुढे शंभरांनी कापून टाकलेलं बोलणं: "आम्हीही खाल्ली. माझी बायको त्यातच गेली. ही लसणाची परीक्षा साफ खोटी आहे. विश्वास ठेवू नका."

आजी तापाने गेली, एवढंच मैथिलीला ठाऊक होतं. तिला रडूच कोसळलं.

"जगाला सांगितलं गं, पण घरात सांगायचा धीर झाला नाही," आजोबा म्हणाले. "चुकलंच माझं. यंत्रांनी माझे शब्द उचलले, चेहरे नि आवाज बदलले. खोकल्यात शब्द नसतात, म्हणून तो तसाच राहिला."

"पण शंभर जण सांगत होते!" मैथिली म्हणाली.

"एका पत्राच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, पोरी. आधी विचारायचं, याला कसं कळलं? स्वतः पाहिलं, की ऐकलं? पुढचं काही कापलंय का? आणि तज्ज्ञ म्हणजे कशातला? मी शास्त्रज्ञ खरा, पण अळंबीतलं मला ओ की ठो कळत नाही."

बल्लवने हे प्रश्न आपल्या गाळणीत (नको ते वगळणाऱ्या यंत्रणेत) बसवले आणि पुन्हा शोध घेतला. आता एकच नाव आलं. अळंबीवर वीस वर्षं काम करणाऱ्या एक बाई, जाळ्यावर त्यांचं ऐकणारे फक्त सात. मैथिलीने त्यांना भिंतीवरूनच टोपली दाखवली.

"नुसतं बघून मला नक्की सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "खाऊ नका. एक अळंबी तपासायला पाठवा."

नक्की सांगता येणार नाही! शंभरातल्या एकानेही असं म्हटलं नव्हतं. मैथिलीला केवढं हायसं वाटलं.

एक अळंबी डबीत ठेवून बाकीची, ताटातलीसुद्धा, घरच्यांनी पुरून टाकली. मग आजोबांजवळ बसून मैथिलीने त्यांचं पूर्ण बोलणं, खोकल्यासकट, पुन्हा जाळ्यावर चढवलं. उद्या कुठलातरी पिंट्या टोपली घेऊन घरी येईल, तेव्हा त्याच्या ताईला खोकल्यापुढचं वाक्यही ऐकू येईल.