कोपऱ्यातला लाल दोरा

ये, बस इथे. तो बॅटरीचा दिवा आपल्या मधे ठेव. मत्स्यालयाच्या या हॉलचे दिवे तू दुरुस्त करेपर्यंत तोच आपला आधार. आणि कालचा राग सोड रे बाबा. काल तू खालच्या पंपखोलीतून विचारलंस, "हात?" वहिनींनी वरून सांगितलं, "मोकळे!" आणि तू लगेच पंपाच्या बटणाकडे वळलास. मी जिन्यावरून अशी किंचाळले की तुझ्यासारखा पिकल्या मिशांचा वायरमनसुद्धा दचकला. बाईचं डोकं फिरलंय, असंच वाटलं ना तुला? फिरलेलं आहेच, ते वेगळं. पण आज तुला खाली पाठवण्याआधी सगळं सांगायलाच हवं.

ही समोरची टाकी बघ. आत एक अख्खी बस मावेल. सगळं खारं पाणी. लोकांना वाटतं, पाणी भरलं, मीठ घातलं, मासे सोडले, झालं काम. अरे, पाणी नुसतं भरून काय करायचंय? ते फिरायला हवं. खालचा पंप ते ओढतो, गाळतो आणि परत वर फेकतो. कुठल्या तोंडातून, कुठल्या दिशेला, किती जोराने सोडायचं हे बसवणं माझं काम. पाणी जिथे थबकतं तिथे घाण साचते, हवा पोचत नाही. असल्या जागेला आमच्यात मेलेली जागा म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही टाकीत मेलेली जागा राहिलेली नाही. ही बढाई आहे, बढाई म्हणूनच ऐक.

प्रवाह पारखायची रीत मला दादाने शिकवली. माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. या टाकीचे खडक त्यानेच रचलेत. खडकांना जागोजागी लाल लोकरीचे दोरे बांधायचे. पाणी फिरायला लागलं की दोरे उठतात, डोलतात, कुठे किती ओढ आहे ते दाखवतात. आणि 'हात?' विचारायची रीतही त्याचीच. बटणाजवळच्या माणसाने विचारायचं, आणि ज्याचे ज्याचे हात पाण्यात असतील त्याने आपापलं उत्तर द्यायचं. दुसऱ्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही, मग नवरा-बायको का असेनात.

दादा याच टाकीत गेला.

त्या दिवशी वीज गेली आणि पंप थांबला. हा म्हणाला, आयतीच संधी आहे, मागच्या कोपऱ्यातल्या पाइपाची जाळी साफ करून घेतो. तेव्हा पाणी ओढणारा पाइप तिथे होता. जाळी काढून त्याने हात आत घातला आणि वीज परत आली. जुना पंप तो, आपोआप सुरू झाला, त्याचा हात पाइपात ओढला गेला आणि तो पाण्याखाली अडकला. बटण कुणी दाबलंच नाही, मग विचारणार कोण? वहिनी इथेच माशांचं खाणं कापत बसल्या होत्या. त्या खाली धावल्या, पंप बंद केला, पण तोवर उशीर झाला होता.

मग हॉल बंद पडला. टाकी रिकामी झाली, पाइप हलवून पुढे आणला, आपोआप सुरू न होणारा नवा पंप बसवला. फक्त एकाची सोय कुणाला लावता आली नाही. तो म्हातारा मासा. हो, तोच, जाड ओठांचा, तोंड कायम रागावल्यासारखं. दादाने त्याला तळहाताएवढा असताना आणला होता. त्याच्यासाठी मागच्या कोपऱ्यात दगडांची गुहा बांधली होती. म्हातारा दिवसभर त्या गुहेत बसायचा आणि फक्त दादाच्या हातून खायचा. टाकीचं काम चाललं तेव्हा त्याला मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवलं होतं. तिथे तो रोज थोडा थोडा फिका पडत गेला. शेवटी शेवटी खाणंही सोडलं त्याने.

मला बोलावलं ते शेवटचा उपाय म्हणून. आधी दोन मोठ्या कंपन्यांची माणसं येऊन हात टेकून गेली होती. हॉलचे साहेब दारातच म्हणाले, "बाई, संध्याकाळी गाडी येणार आहे. टाकी नीट चालू झाली तर ठीक, नाहीतर मासा दुसरीकडे पाठवायचा."

"एवढा प्रवास सोसेल त्याला?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. वहिनी मात्र बोलल्या. "वन्सं, तो वाटेतच मरेल. त्यांचं एवढंच उरलंय माझ्याकडे." नणंदेला वन्सं म्हणणारी माणसं आता कुठे उरलीत? वहिनी म्हणतात, आणि त्या असं बोलल्या की मला पुढे वाद घालता येत नाही.

सकाळपासून कामाला लागले. वहिनी खाली बटणाजवळ, मी वर टाकीवरच्या फळीवर. दोरे बांधले. खालून हाक आली, "हात?" मी म्हटलं, "मोकळे!" पंप घुमला आणि दोरे एकामागून एक उठले. काय सुंदर दिसतं ते! सगळी टाकी जागी झाल्यासारखी वाटते. सगळे दोरे उठले, एक सोडून. मागच्या कोपऱ्यातला, गुहेच्या तोंडावरचा दोरा सरळ खाली लटकत होता.

म्हटलं, थांब, तुझी जिरवते. एक तोंड त्याच्याकडे वळवलं. मग दुसरं. पंपाचा जोर वाढवला. अर्ध्या हातावरचा दोरा फडफडून तुटायला आला, पण हा ढिम्म. दगडाचा अडथळा असेल म्हणून शंभरदा बघितलं, नव्हता. साहेब म्हणाले, कोपरा सोडून द्या. अहो, सोडून द्या काय? म्हातारा दुसरीकडे बसणारच नाही. त्या गुहेत पाणी फिरलं नाही, तर तो तिथेच बसून गुदमरेल. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि गाडीवाल्याला फोन करायला निघून गेले.

दुपार झाली. दोरे नीट दिसावेत म्हणून हॉलची शटरं ओढून घेतली होती. अंधार, ओल्या सिमेंटचा वास, आणि टाकीतला तेवढा निळा उजेड. पंप बंद केला की सगळं शांत व्हायचं. त्या शांततेत मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. कोपऱ्यातून यायचा. कुणीतरी दातओठ खाऊन श्वास रोखून धरावा, मग थोडासा सोडावा, परत धरावा… तसा.

मी भित्री नाही. फळीवर पालथी पडले आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. बाकी पाणी गार होतं. कोपऱ्यातलं कोमट होतं. माणसाच्या हाताएवढं कोमट.

आणि माझं मनगट कुणीतरी धरलं.

ओढलं नाही हं. नुसतं धरलं. घट्ट. बुडणारा माणूस फळी धरतो ना, तसं. मग पकड थोडी सैल झाली आणि मी हात काढून घेतला. मनगटावर चार बोटांचे पांढरे पट्टे होते. अंगठ्याच्या जागी काही नव्हतं. दादाच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. लहानपणी लाकूड कापताना गेला होता.

मी फळीवर उठून बसले आणि हमसून हमसून रडले. भीतीने नाही. माझा भाऊ अजून तिथेच अडकला होता आणि मी सकाळपासून त्याच्या तोंडावर पाण्याचे फवारे मारत होते! मग डोळे पुसले आणि डोकं चालवलं. तो पाणी का धरून बसलाय? सकाळपासून वहिनी विचारतायत, "हात?" आणि मी वरून आपली ठणकावून सांगतेय, "मोकळे!" मी माझ्यापुरतं खरंच सांगत होते. पण त्याला कुणी वेळ दिला होता? त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही. आणि आज विचारलं, तर मीच मधे तोंड घालून मोकळी. त्यानेच घालून दिलेली रीत, आणि पंप मात्र त्याच्या उत्तराशिवाय चालू होतोय. मग तो हात कसा सोडेल?

मी जिन्याच्या तोंडाशी वाकले. "वहिनी, आता मी उत्तर देणार नाही. तुम्ही विचारायचं आणि थांबायचं. कितीही वेळ लागो."

खालून हळूच, "ते… आहेत का तिथे?"

"आहे."

रडतील, पळतील, मला वेडी म्हणतील, असं वाटलं होतं. वहिनींनी फक्त खाकरून घसा साफ केला.

"हात?"

काही नाही. फक्त तो रोखलेला श्वास.

"हात?"

पाणी हललंही नाही. मी परत फळीवर येऊन तोंडावर हात दाबून बसले होते. आणि मग वहिनी अशा आवाजात बोलल्या, जो मी त्या घटनेनंतर कधी ऐकला नव्हता. जेवायला वाढलंय, लवकर या, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात.

"अहो… हात?"

कोपऱ्यातून एक लांब श्वास सुटला. पाण्यावर बुडबुड्यांची एक रांग वर आली. आणि अगदी जवळून, माझ्या गुडघ्याखालून, तो घोगरा, ओळखीचा, जरासा वैतागलेला आवाज आला.

"मोकळे."

पंप घुमला. मी दोऱ्याकडे बघत होते. तो आधी थरथरला. मग टोक वर आलं. मग अख्खा दोरा उठला आणि असा नाचायला लागला की काय सांगू! मी फळीवर उभी राहून शिट्टी मारली. हो, या वयात, दोन बोटं तोंडात घालून! साहेब फोन हातात धरून धावत आले आणि काचेला नाक लावून बघतच राहिले. "गाडीवाल्याला सांगा, रिकामी ने म्हणावं!" मी वरून ओरडले. त्यांनी खरंच तसं सांगितलं. मग आम्ही तिघांनी झोळीत घालून म्हाताऱ्याला वर आणला आणि टाकीत सोडला. क्षणभर तो आडवाच तरंगला. माझा जीव टांगणीला लागला. मग त्याने शेपूट मारलं, सरळ गुहेकडे गेला, मागे सरकत सरकत आत बसला आणि तोंडावर येणाऱ्या प्रवाहात कल्ले उघडमीट करायला लागला. अंधार पडायच्या आत त्याच्या अंगावरचे ठिपके परत दिसायला लागले होते. वहिनींनी त्याला पहिला तुकडा दिला आणि त्याने तो त्यांच्या हातून खाल्ला. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो, रडलो, आणि साहेबांनाही रडवलं.

दोन मोठ्या कंपन्या हरल्या आणि आम्ही नणंद-भावजय जिंकलो! दादा सुटला. पण काम सोडून गेला नाही हं. तो कुठला जातोय! आजही विचारलं की कोपऱ्यातून त्याचं उत्तर येतं, आणि ते ऐकून वहिनींचा दिवस चांगला जातो.

आता कान देऊन ऐक, कारण हे तुझ्या कामाचं आहे.

त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही बोलणार नव्हता ना? मग यांच्या पाठोपाठ 'मोकळे' का म्हणालात?"

"मी तोंड उघडलंच नाही, वहिनी."

"असं कसं? मी दोनदा ऐकलं. दुसरं तर माझ्या मागूनच आलं. मला वाटलं, तुम्ही खाली आलात…"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पदराखाली डाव्या खांद्यावर ब्लाउज ओला होता. आणि कडेने मिठाची पांढरी रेघ धरली होती.

तेव्हापासून हे असंच चाललंय. आधी पाण्यात हात असलेल्या माणसाचं उत्तर येतं, मग दादाचं, आणि शेवटी तिसरं, पंपखोलीत, बटणाजवळच्या माणसाच्या मागून. कोण, ते मला माहीत नाही. त्या खोलीत कधी कुणाला काही झालेलं नाही, सगळ्या जुन्या माणसांना मी विचारून घेतलंय. तिथे पाण्यात हात घालायला जागाही नाही, नुसते बंद पाइप आहेत. मग त्याचे हात असतात कुठे, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. शेवटी मी स्वतः एकदा बटणाजवळ उभी राहिले.

खांदा कशाला चाचपतोस? आज अजून तू खाली गेलेला नाहीस. कालचा शर्ट असेल तर घरी जाऊन बघ, डाव्या खांद्यावर मिठाचा डाग सापडेल. काल त्या तिसऱ्याचं उत्तर अजून आलं नव्हतं आणि तू बटण दाबायला निघाला होतास, म्हणून किंचाळले.

चल, ऊठ. म्हातारा बघ कसा काचेपाशी आलाय, भूक लागलीय त्याला. वहिनी वर तयार आहेत. तू खाली जा, मोठ्याने विचार, आणि थांब. खांदा जड होईल, होऊ दे. मागून 'मोकळे' ऐकू आलं की हलका होतो. मगच बटण दाब.