गज चार बोटं वर

लाइट गेलीच आहे तर ते मोबाईलचे टॉर्चही बंद करा. बॅटरी वाचेल, आणि कोण हसतंय ते मला दिसणार नाही. सूरज, तू जिन्यावरून ऊठ आणि इकडे येऊन बस. जिन्यात कुणी बसलेलं मला चालत नाही. गोष्ट संपली की तुलाही चालणार नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. वैजनाथच्या बाबतीत घडलं. आपल्या बिबवेवाडीच्या चौकात कुलपं आणि शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा, तोच. जुन्या बंदुकाही साफ करून द्यायचा, फक्त ते बोर्डावर लिहिलेलं नव्हतं. माणूस इतका रुक्ष की थाप मारायची ठरवली तरी त्याला सुचली नसती. म्हणून मी विश्वास ठेवला. तुम्ही नाही ठेवला तरी माझं काही बिघडत नाही.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस, हत्यारं पुजायचा. वारज्यात मच्छिंद्र म्हणून वैजनाथचं जुनं गिऱ्हाईक आहे. शेतकरी घराणं. शेतं बिल्डरला गेली, आता उंच इमारतींच्या मधोमध यांचा एक दुमजली बंगला तेवढा उरलाय. घरात एक जुनी बंदूक, मच्छिंद्रच्या वडिलांची, हिंदुरावांची. निवडणुकीच्या वेळी सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, तशी तीही गेली होती. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, बंदूक तिथेच. मधल्या काळात हिंदुराव वारले. परवाना मुलाच्या नावावर होईपर्यंत नवरात्र आलं. तर त्या सकाळी वैजनाथ मच्छिंद्रबरोबर ठाण्यात गेला, बंदूक ताब्यात घेतली, गोधडीत गुंडाळली आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून घरी आणली. एवढंच काम होतं.

बंदूक कसली, तोफेचं पिल्लूच. ठासणीची, चकमकीची. नळीत अंगठा आरामात जाईल एवढं तोंड, आतून सगळी गुळगुळीत. ती भरायची कशी हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी दारू ओतायची. तिच्यावर जाड चिंधी, आणि गजाने ठासायची. घट्ट. दारू बसली की गज उसळतो, टण् आवाज येतो. मग छर्रे. ज्या मापाने दारू त्याच मापाने छर्रे. त्यांच्यावर पातळ चिंधी, हलक्या हाताने, छर्रे घरंगळून बाहेर येऊ नयेत एवढीच. मग नळीच्या बुडाशी बाजूला एक खोलगट वाटी असते, तिला कान म्हणतात, त्या कानात चिमूटभर दारू आणि घोडा चढवायचा. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी असते, तिची ठिणगी कानात पडते.

"आणि आधीच भरलेली असली तर?" राजनंदिनी, बरोबर विचारलंस. त्यासाठीच गजावर खूण असते. रिकाम्या नळीत गज सोडला की खूण बरोबर तोंडाशी येते. भरलेली असेल तर गज चार बोटं वर राहतो. न बघता भरलेल्या बंदुकीवर पुन्हा भरली, तर ती पुढे उडत नाही. हातात फुटते. तोंडासकट.

हिंदुराव तरुणपणी उसात मचाण बांधून रानडुकरांच्या शिकारीला बसायचे. तेव्हा वारज्यात ऊस होता, डुकरं होती. आता फक्त ट्रॅफिक आहे. माणूस शिस्तीचा. ज्याने भरली त्यानेच उडवायची, भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. बार उडाला की बसल्या जागी पुन्हा भरायची, मग बाकीचं. आणि रात्री मचाणाकडे येणाऱ्याने लांबूनच आपलं नाव सांगायचं. त्यांची बायको द्वारका रोज भाकरी घेऊन जायची. बांधावरूनच हाक द्यायची, "मी हाय, द्वारका." वरून खोकल्याचा आवाज आला की पुढे पाऊल टाकायचं. ठासायच्या चिंध्याही तिच्याच जुन्या लुगड्याच्या. दुसरं कापड त्यांना चालायचं नाही.

म्हातारपणी त्यांचं डोकं गेलं. मुलगा ओळखेना, नातू ओळखेना. पण हातांना सगळं आठवत होतं. दिवसभर बंदूक भरत बसायचे. मच्छिंद्रने दारू आणि छर्रे कपाटात कुलूप लावून ठेवले, तर हे जोंधळा घालून भरायचे. ओतायचं, चिंधी, ठासायचं, पुन्हा ओतायचं. नळी तोंडापर्यंत भरायची, आणि वैजनाथ महिन्यातून एकदा येऊन रिकामी करून जायचा. संध्याकाळ झाली की दारात जो दिसेल त्याच्यावर बंदूक रोखायचे. डुक्कर आलंय म्हणायचे. द्वारकाबाई सांगायच्या, "अवं, मी हाय, द्वारका." ते विचारायचे, "कोण द्वारका?"

घरातले हसायचे. जोंधळ्याने कोण मरतंय. बंदूक ठाण्यात गेली तेव्हा पंधरा दिवस ते नुसते हात हलवत बसले. हवेतच ठासत. त्यातच गेले.

असो. खंडेनवमी.

वैजनाथने दुपारी बंदूक पुसली, तेल दिलं, गज टाकला. खूण तोंडाशी. रिकामी. संध्याकाळी हॉलमध्ये पाटावर ठेवून पूजा झाली, झेंडूची माळ घातली. त्या घरात रीत अशी, की पुजलेल्या बंदुकीला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. गज टाकायचा नाही, तो अपमान समजतात. सकाळी घरातल्या कर्त्या मुलाने तशीच उचलायची, नुसती दारू भरून आभाळाकडे एक बार काढायचा. कायद्यात बसत नाही, पण फटाक्यांत कुणाला कळतंय. या वेळी मान चेतनचा. मच्छिंद्रचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला. आजोबांच्या नावाने पहिला बार काढणार म्हणून तो अभिमानाने सगळ्यांना सांगत होता. त्याची आजी, द्वारकाबाई, मात्र बंदुकीकडेच बघत होत्या.

जेवण उशिरा झालं. वैजनाथ हॉलमध्येच झोपला. पाटाजवळ समई होती. घर निजलं.

मध्यरात्र उलटून गेली असेल. त्याला जाग आली ती आवाजाने.

बारीक सळसळ. नळीत काहीतरी ओतल्यासारखी.

मग गज. ठक. ठक. ठक... आणि टण्.

उसळला.

वैजनाथने डोळे उघडले नाहीत. आयुष्य बंदुकांत गेलेलं, त्याला बघायची गरज नव्हती. खाली दारू बसली होती. आता वरून काय पडतंय... जोंधळा पडला तर भुरभुरतो. तो मनातल्या मनात जोंधळाच म्हणत होता. जोंधळा... जोंधळा...

पडलं ते जड होतं. खडखडत तळाला गेलं.

शिसं.

मग हलक्या हाताने, एकदाच... ठक.

शांत.

त्याने डोळे उघडले. बंदूक पाटावर आडवी. माळ जागच्या जागी. पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई उभ्या.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या.

"ऐकलं, मावशी."

"गज टाक."

"पुजलेल्या बंदुकीत..."

"मी सांगतीय न्हवं. टाक."

त्याने टाकला. खूण वर राहिली. चार बोटं. नळीच्या तोंडाला नाक लावलं तर गंधकाचा वास. मच्छिंद्रचं कपाट बंद होतं, किल्ली त्याच्या उशाला.

वैजनाथ भुताला घाबरला नाही. त्याला सकाळ दिसली. चेतन रीतीप्रमाणे गज न टाकता यावर पुन्हा दारू भरणार. घरचे सगळे गच्चीवर कौतुकाने उभे. आणि पोरगं दस्त्याला गाल लावून चाप ओढणार. त्याने पिशवीतून गजाच्या टोकाला लावून भरलेला बार उपसायचा पेच काढला.

द्वारकाबाईंनी त्याचा हात धरला. "काढू नगंस. काढलीस तर त्ये पुन्ना भरत्याल. तू किती डाव काढशील? म्या वरीसभर तेच बघितलंय."

"मग चेतनचं काय करायचं?"

"ज्यानं भरली त्यानंच उडवायची. गच्चीत नेऊन ठेव. डोंगराकडं तोंड करून."

त्याने नेली. भरलेली बंदूक, आपण न भरलेली, दोन्ही हातांवर तान्हं मूल न्यावं तशी. गच्चीच्या कठड्यावर ठेवली, नळी वारज्याच्या डोंगराकडे. खाली हायवेचे दिवे. बंदुकीच्या कानात दारू होती. घोडा उतरलेला. हे त्याने दोनदा पाहिलं. दार लोटून तो खाली आला.

जिन्याच्या पायथ्याशी द्वारकाबाई. नवं जांभळं लुगडं, पिवळ्या काठाचं, चेतननेच दसऱ्याला आणलेलं. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"मावशी, वर जाऊ नका."

"भाकरी न्हेल्याबिगर त्ये मचाणावरनं उतरायचे न्हाईत."

"मावशी, अहो..."

"हाक देऊन जातीय की. आजवर कवा मारलंय का मला?"

त्या चढल्या. एक एक पायरी, गुडघ्यावर हात ठेवून. वैजनाथ खालीच राहिला.

वर दार किरकिरलं.

"मी हाय... द्वारका."

काही नाही. वारा.

"अवं, द्वारका हाय."

खोकल्याचा आवाज आला नाही.

आला तो खटका. मग दुसरा. घोडा चढला.

"भाकरी आणलीय..."

इतकंच.

बार झाला तसं सगळं घर उठलं. शेजारपाजारच्यांनी कूस बदलली असेल, नवरात्रात कुणीतरी फटाका लावला म्हणून. मच्छिंद्र आणि चेतन वर धावले, त्यांच्यामागे वैजनाथ. द्वारकाबाई गच्चीच्या दारात बसलेल्या, मान भिंतीला टेकलेली. भाकरी मांडीत. अंगावर ओरखडासुद्धा नाही. भिंतीला नाही, दाराला नाही. बंदूक कठड्यावर, डोंगराकडे तोंड करून, ठेवली तशीच.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं. लिहून दिलं, सही केली. वैजनाथने मच्छिंद्रला सगळं खरं सांगितलं. मच्छिंद्र ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "वैजनाथभाऊ, हे चेतनला कधी सांगू नका. तिनं त्याच्यासाठी केलं." एवढं बोलून तो रडला. बायकांनी आंघोळ घालताना पाहिलं, नव्या लुगड्याचा पदर वीतभर फाटलेला. दाराच्या कडीत अडकला असेल म्हणाल्या. अशा वेळी कोण खोलात जातं.

बंदूक जिन्याखाली उभी करून ठेवली होती. दहावा झाल्यावर मच्छिंद्रने वैजनाथला बोलावलं. ती सरकारजमा करायची ठरली होती, तेवढी पुसून द्या म्हणाला. वैजनाथने ती अंगणात उन्हात आणली. बार उडालेली बंदूक. आतून काळी असणार, रिकामी असणार. तरी हाताची सवय. त्याने गज टाकला.

चार बोटं वर.

त्याने पेच लावला. हळूहळू फिरवत उपसलं. छर्ऱ्यांवरची वरची चिंधी आधी आली, पातळ, हलक्या हाताने बसवलेली.

जांभळी होती. नवी. पिवळ्या काठासकट.